रॉडवर किती लावायचं?

जीममध्ये नव्या मेंबरच्या हातात जे कार्ड पडतं त्यावर व्यायामांची नावं असतात आणि प्रत्येक नावापुढे तेच आकडे: १५-१२-१०, म्हणजे तीन सेट आणि त्या-त्या सेटला वजन तेवढ्या वेळा उचलायचं (तेच रेप्स). मेंबर थोडा जुना झाला की शेवटी ८ जोडले जातात. वजनाचा रकाना बहुतेक वेळा कोराच. "सर, किती लावू?" म्हटलं की "लाव रे दहा-दहा, मग बघू." पुढे बघायला कोणी येत नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस रॉडच्या दोन्ही बाजूंना तेच दहा-दहा किलो लावून तेच पंधरा-बारा-दहा मारत असतो आणि कोणतं प्रोटीन घ्यावं याची चौकशी करत असतो.

पहिले दोन महिने या कार्डाने काम भागतं, कारण नवख्या शरीराला कशानेही फरक पडतो. वजन हलकं असल्याने हालचाल बसते, सांधे सरावतात. अडचण नंतर सुरू होते. आकडे मांडून बघा. बेंच प्रेसला (बाकावर झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं) ज्याची एका रेपची कमाल ७५ किलो आहे त्याला ताज्या अंगाने ५० किलोचे १५ रेप्स जमतील, ५३-५४चे १२ आणि ५६चे १०. हा गडी कार्डाप्रमाणे ५०चे १५ जीव तोडून मारतो, दीड मिनिटाने ५२.५चे १२ मारायला जातो आणि आठ-नऊवर अडकतो. मग ५५चे १०. त्यातले शेवटचे चार मागे उभा असलेला मित्र उचलतो आणि वर "तुझंच आहे, तुझंच आहे" म्हणत राहतो. किंवा मग उलटं होतं: शेवटच्या सेटला ५५चे १० निघावेत म्हणून पहिले दोन सेट ३० आणि ४० किलोवर उरकले जातात. त्यांना सेट म्हणायचं कशाला, तो वॉर्मअप झाला. खरा सेट उरला एकच. पहिल्या तऱ्हेत तिसरा सेट खोटा, दुसरीत पहिले दोन.

गंमत म्हणजे तीन सेटची ही चढण मुळात वाईट नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय वजनं वापरून बळकट करायला सुरुवात केली. आधी तो दहा-दहा रेप्सचे सात ते दहा सेट करून घेई. ते जास्त होतंय असं लक्षात आल्यावर १९४८ साली त्याने आणि वॉटकिन्स या सहकाऱ्याने तीन सेटची पद्धत मांडली: जेवढ्या वजनाने जेमतेम १० रेप्स होतात त्याच्या ५० टक्क्यांनी १०, ७५ टक्क्यांनी १० आणि शेवटी पूर्ण वजनाने १०. सगळी पद्धत एका मोजलेल्या वजनावर उभी होती. वजनाचा रकाना कोरा नव्हता.

आधी रॉडचं वजन

"किती मारतोस?" "वीस-वीस." या उत्तरात रॉड कुठेच नाही. ऑलिम्पिक रॉड, म्हणजे ज्याची प्लेट बसायची टोकं ५० मिलिमीटर जाड असतात तो, पुरुषांचा २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा. पण गल्लीतल्या जीममध्ये बारीक भोकाच्या प्लेट लागणारे साधे रॉडही असतात. ते लांबीप्रमाणे ७-८ किलोपासून पुढे काहीही भरतात. वाकडा कर्ल रॉड आणखी वेगळा. वीस-वीस लावून एका रॉडवर ६० किलो होतात, तर दुसऱ्यावर ४८. सोमवारी एक रॉड आणि गुरुवारी दुसरा धरलात तर ताकद वाढली की घटली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

उपाय सोपा आहे. जीममध्ये वजनकाटा असतोच. आधी नुसतं स्वतःचं वजन करा, मग रॉड उभा धरून काट्यावर चढा आणि वजाबाकी करा. रॉड ओळखायला त्याची एखादी खूण लक्षात ठेवा. प्लेटांचंही तेच. स्वस्त रबरी प्लेटवर १० लिहिलेलं असलं तरी ती साडेनऊ भरू शकते. काही ठिकाणी किलोच्या ढिगात पौंडाच्या प्लेटा मिसळलेल्या असतात: ४५ पौंड म्हणजे २०.४ किलो, २५ पौंड म्हणजे ११.३, १० पौंड म्हणजे ४.५. एका बाजूला १० किलोची आणि दुसरीकडे २५ पौंडाची लागली की रॉड एकीकडे सव्वा किलोने जड होतो. बेंचवर झोपल्यावर ते चांगलंच कळतं.

मशीनच्या पिनवरचा आकडा किलो समजूच नका. पुली एक की दोन यावर हातातला भार अर्धाही होतो. ४५ अंशाच्या लेग प्रेसला लावलेल्या वजनाच्या साधारण सत्तर टक्केच भार पायांवर येतो. स्मिथ मशीनच्या (उभ्या दांड्यांवर सरकणाऱ्या) रॉडला बहुधा आतून प्रतिभार असतो, त्यामुळे तो साध्या रॉडपेक्षा हलका लागतो. हे आकडे त्या-त्या मशीनपुरते खरे. दुसऱ्या मशीनवर ते नेऊन उपयोग नाही.

शिल्लक किती, यावर वजन ठरतं

सेट संपवून रॉड ठेवला, तेव्हा ढब न बिघडता अजून किती रेप्स निघाले असते? तो आकडा म्हणजे शिल्लक. पॉवरलिफ्टिंगवाले हेच दहाच्या मापात सांगतात आणि त्याला आरपीई म्हणतात: १० म्हणजे काहीच शिल्लक नाही, ९ म्हणजे एक, ८ म्हणजे दोन. वजन बरोबर आहे की नाही याची माझ्या मते हीच एक कामाची कसोटी. "१० रेप्स मारा" ही अर्धीच सूचना झाली. "१० मारा आणि दोन शिल्लक ठेवा" म्हटलं की वजन आपोआप ठरतं, कारण मग ताज्या अंगाने १२ जमतील एवढंच वजन लागतं.

बहुतेक कामाच्या सेटना एक ते तीन शिल्लक ठेवावी. पाच-सहा शिल्लक राहत असतील तर वजन हलकं. प्रत्येक सेट शून्यावर नेत असाल तर पहिल्या सेटनंतर पुढच्या सेटचे रेप्स धडाधड कोसळतात, आणि दुखणं निघायला दोनाच्या जागी चार दिवस लागतात. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) शून्यावर नेऊच नयेत, कारण शेवटच्या रेपला आधी पाठ वाकते आणि मग पाय थकतात. साईड रेज, कर्ल, लेग एक्स्टेन्शन शेवटच्या सेटला शून्यावर गेले तर काही बिघडत नाही.

शिल्लक ओळखता येणं हे कौशल्य आहे आणि नवखा माणूस त्यात जवळजवळ नेहमी चुकतो. जळजळ सुरू झाली की त्याला वाटतं संपलं, पण आत अजून पाच-सहा असतात. पारखून घ्यायचं तर तीन-चार आठवड्यांतून एकदा मशीन चेस्ट प्रेस किंवा केबल रोइंगसारखा बिनधोक व्यायाम घ्या, शेवटच्या सेटला "आता दोनच राहिले" असं वाटलं की मनात म्हणा आणि थांबू नका, निघतील तेवढे काढा. दोन निघाले तर अंदाज पक्का. सहा निघाले तर इतके दिवस तुमचे "दोन" म्हणजे सहा होते, आणि वहीतली सगळी वजनं थोडी वाढवायला हवीत.

दुसरी खूण वेगाची. आपण पूर्ण जोर लावत असूनही रॉड आपसूक मंदावला की दोन-तीन उरलेत असं समजावं. पण हे सगळ्या व्यायामांना सारखं लागू नाही. बेंच प्रेसचा कमाल वजनाचा रेप सेकंदाला १५ ते २० सेंटिमीटर इतक्या संथ गतीनेही वर जातो, तर स्क्वॉटमध्ये ३० सेंटिमीटरच्या आसपासच ताकद संपते. म्हणजे बेंच बराच वेळ घासत घासत वर जातं. स्क्वॉट मात्र ठीकठाक वेगात दिसता दिसता अचानक अडकतो. "अजून एक निघेल" हा अंदाज स्क्वॉटमध्ये जास्त फसतो तो यामुळे. तिथे शिल्लक दोन म्हणजे दोनच ठेवा.

कमाल न मोजता कमाल काढणं

एका रेपची कमाल बघायला एकदम जड वजनाखाली शिरायची गरज नाही. पाच ते दहा रेप्सचा एक प्रामाणिक सेट पुरतो. एप्लीचं सूत्र असं: वजन × (१ + रेप्स ÷ ३०). ६० किलोचे जास्तीत जास्त ८ निघाले तर ६० × १.२७, म्हणजे ७६. ब्रिझिकीचं सूत्र वजन × ३६ ÷ (३७ − रेप्स) असं आहे, त्याने ७४.५ येतात. कमाल ७५ धरा आणि पुढे चला. दहा रेप्सच्या वर दोन्ही सूत्रं भरकटतात, कारण तिथे ताकदीपेक्षा दम मोजला जातो.

उलट दिशेने तेच सूत्र वापरलं की टक्केवारी मिळते. कमालीच्या ९१ टक्क्यांवर ३ रेप्स, ८६वर ५, ७९वर ८, ७५वर १०, ७१वर १२, ६७वर १५. हे सगळं शिल्लक शून्य धरून. ५ रेप्स दोन शिल्लक ठेवून मारायचे असतील तर ७ रेप्सचं वजन घ्या: ७५ ÷ १.२३, म्हणजे साधारण ६० किलो. ही टक्केवारी बेंच आणि स्क्वॉटला बऱ्यापैकी लागू पडते. लेग प्रेसला त्याच टक्केवारीत कितीतरी जास्त रेप्स निघतात आणि लेग कर्लला कमी, त्यामुळे त्या व्यायामांना हे गणित लावत बसू नका. तिथे नुसती शिल्लक पाहा.

किती रेप्स कशासाठी

ताकद, म्हणजे एकदा जास्तीत जास्त उचलणं वाढवायचं असेल तर ८० टक्क्यांच्या वरच्या वजनाखाली जावंच लागतं, सेटमागे ३ ते ६ रेप्स. नुसता स्नायू वाढवायचा असेल तर ५ पासून ३० पर्यंत कुठलाही आकडा चालतो, अट एवढीच की सेट शेवटाच्या जवळ गेला पाहिजे. "८-१२लाच मसल बनतो, १५च्या वर गेलं की कटिंग होतं" हे जीममध्ये पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. त्यातल्या कटिंगच्या भागाला काही आधार नाही. चरबी रेप्सच्या आकड्याने कमी होत नाही, ताटात काय आणि किती येतं त्याने होते. मग ६ ते १२ का सुचवतात? सोयीसाठी. तीस रेप्सचा स्क्वॉट मांडी थकण्याआधी फुप्फुसं थकवतो, आणि तीन रेप्सचे सेट स्नायूसाठी पुरेसे करायचे तर एवढे लागतात की दिवस जीममध्येच मावळावा.

तालमीतल्या जोर-बैठकांचं गणित याच्या दुसऱ्या टोकाला आहे. वजन आपल्याच अंगाचं, ते बदलत नाही, म्हणून रेप्स शेकड्यांत जातात. त्याने दम आणि चिवटपणा येतो, कुस्तीला तेच हवं. पण पाचशे बैठका मारणाऱ्याला १०० किलोचा स्क्वॉट आपोआप येत नाही. मल्ल जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारतात ते उगीच नव्हे. भार वाढवायची ती हाताशी असलेली सोय आहे.

व्यायामागणिक आकडे बदलावेत. डेडलिफ्टला ३ ते ६ पुरेत. दहाच्या वर गेलं की मूठ आधी सुटते आणि पाठीची ढब बिघडते. स्क्वॉट ५ ते ८, सराव झाल्यावर १०. बेंच आणि शोल्डर प्रेस ५ ते १०. रोइंग आणि पुलडाऊन ८ ते १२, कारण फार जड लावलं की माणूस पाठीऐवजी कंबरेच्या झोक्याने ओढतो. कर्ल आणि ट्रायसेप्स ८ ते १५. साईड रेज १२ ते २०. या शेवटच्या व्यायामात सहा रेप्सचं वजन लावणारे खांदे उडवून डंबेल फेकतात, उचलत नाहीत. पोटरीला खाली एक सेकंद थांबून १० ते १५. न थांबता उड्या मारत केले तर काम टाचेमागच्या शिरेची स्प्रिंग करते, पोटरी नाही.

नव्या व्यायामाचं पहिलं वजन

डंबेल शोल्डर प्रेस धरू. पाच-पाचचे डंबेल घेऊन १० मारा. सहज गेले? मिनिटभर थांबून साडेसातने १०. तरीही पाच-सहा शिल्लक वाटले तर दहाने. ज्या वजनाला दहावा रेप झाल्यावर तीन-चार शिल्लक वाटतील तिथे थांबा. ते तुमचं सुरुवातीचं वजन, आणि त्या दिवशी त्याचे आणखी दोन सेट. पहिले दोन आठवडे शिल्लक तीन-चारच ठेवा. हालचाल नवी असताना शून्यावर गेलं तर दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जात नाही, आणि मग आठवडाभर दांडी.

रक्तदाब, हर्निया, गरोदरपण किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. श्वास कोंडून जड वजन रेटताना रक्तदाब झपाट्याने चढतो. परवानगी मिळाली तरी १० ते १५ रेप्स होतील असं हलकं वजन, शिल्लक चार, आणि उचलताना श्वास सोडायचा.

वॉर्मअपचे सेट कामाच्या सेटपासून वेगळे ठेवा आणि त्यांत दमू नका. बेंचला ६० किलोचे सेट करायचे असतील तर रिकामा रॉड १०, ४० किलो ५, ५० किलो ३, मग ६०. स्क्वॉटला १०० जायचं असेल तर २०चे ८, ४०चे ५, ६०चे ५, ८०चे ३, ९०चा १, मग १००. वजन चढतं, रेप्स उतरतात. इथेच १५-१२-१०वाले फसतात. त्यांच्या वॉर्मअपमध्येच सत्तावीस रेप्स खर्च होतात. पहिला जड व्यायाम झाला की त्याच अवयवाच्या पुढच्या व्यायामाला एक हलका सेट पुरतो.

सेट उतरतात, उतरू द्या

तिन्ही सेटला वजन तेच ठेवलं तर १०, ९, ८ असं काहीसं होणारच, तो दोष नव्हे. १०, ६, ४ झालं तर दोनपैकी एक कारण: पहिला सेट शून्यावर गेला किंवा विश्रांती कमी पडली. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, जड रोइंगला दोन ते तीन मिनिटं घ्या, पाच रेप्सच्या आत असाल तर तीन ते पाच. कर्ल, साईड रेजला एक-दीड मिनिट बास. संध्याकाळी सातला बेंचपाशी तिघं उभे असतात आणि "अजून किती सेट?" विचारतात, तेव्हा तीन मिनिटं बसणं अवघड होतं हे खरं. मग त्यांच्यातल्याच एकाला आलटून-पालटून घ्या, त्याचा सेट होईपर्यंत तुमची विश्रांती होते. दोघांची वजनं जवळपास असली तर प्लेटांची उलथापालथही कमी.

मे महिन्यात, पंख्यावर चालणाऱ्या जीममध्ये हीच विश्रांती दीडपट करावी लागते. तळहात घामाने निसरडे होतात आणि डेडलिफ्टला पाठीआधी मूठ दगा देते. खडूची पूड चालत नसेल तर निदान कोरडा नॅपकिन जवळ ठेवा. मूठ सुटली म्हणून सेट थांबला असेल तर वहीत तसं लिहा, नाहीतर पुढच्या वेळी वजन उगाच कमी कराल.

वाढवायचं कधी, आणि डंबेलचा घोळ

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ साली दिलेला नियम साधा आहे: ठरलेल्या आकड्यापेक्षा एक-दोन रेप्स जास्त निघू लागले की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवा. छोट्या स्नायूंना २ टक्क्यांकडे, पायांना १०कडे. वहीत ते असं दिसतं. बेंच, ८ ते १२, तीन सेट. पहिल्या दिवशी ५० किलो: १०, ९, ८. मग १०, १०, ९. मग ११, १०, १०. असं करत १२, १२, ११ला पोचलात की ५२.५ लावा आणि पुन्हा १०, ९, ८पासून सुरू करा. १२, १२, १२ची वाट पाहत तीन आठवडे काढणारे लोक असतात. एवढा काटेकोरपणा नको.

५० वरून ५२.५ म्हणजे ५ टक्के, आणि त्याला सव्वा किलोच्या दोन प्लेटा लागतात. बऱ्याच जीममध्ये त्याच नेमक्या गायब. सर्वांत छोटी प्लेट अडीचची असेल तर उडी पाच किलोची पडते, आणि ५० वर ती १० टक्के होते. स्वतःच्या सव्वाच्या दोन प्लेटा घेऊन पिशवीत ठेवल्या तर वर्षभर हा प्रश्न मिटतो. हातमोज्यांवर खर्च करण्यापेक्षा हे बरं. अमेरिकेत पौंडाच्या जीममध्ये अडीच पौंडाच्या दोन प्लेटांनी सव्वादोन किलोंची वाढ मिळते, तिथे ही अडचण कमी.

डंबेलचा घोळ मोठा आहे. १० नंतर साडेबारा. हातामागे अडीचच किलो, पण वाढ २५ टक्के. १० किलोने १२ रेप्स निघतात म्हणून साडेबारा उचलले, तर सूत्राने काय येतं बघा. १० × १.४ म्हणजे कमाल १४. साडेबाराने किती निघतील? १४ ÷ १२.५ = १.१२, म्हणजे ३ ते ४ रेप्स. ८-१२च्या कार्डावर चार रेप्स! माणूस मग खांदे उडवतो, कंबर वाकवतो किंवा "आज जमत नाहीये" म्हणून परत दहावर येतो, आणि वर्षभर दहावरच राहतो. त्याच्या मेहनतीत कसर नसते. डंबेलच्या रॅकमधली पायरीच त्याच्यासाठी फार उंच आहे.

मग काय करायचं? दहानेच रेप्स वाढवत न्यायचे. १५ जमायला लागले की साडेबाराने साधारण ६ निघतील, १८ जमले की ८. म्हणजे उडी मारायची ती १५ ते १८ वर, १२ वर नाही. दहाच्या पुढे सूत्र ढिलं पडतं, त्यामुळे एक-दोन रेप्स इकडेतिकडे होतील, पण हिशोबाची दिशा तीच. सगळे सेट एकदम बदलू नका. पहिला सेट साडेबाराने ६-७, उरलेले दोन दहाने १२-१५. दोन आठवड्यांनी दोन सेट साडेबाराने, मग तिन्ही. साईड रेजला ५ वरून साडेसातची उडी तर ५० टक्क्यांची, तिथे ही युक्तीही अपुरी पडते. २० पर्यंत रेप्स न्या, वर एक सेकंद थांबा, किंवा केबलकडे वळा, तिथल्या पायऱ्या बारीक असतात.

जड वजनाला एकूण रेप्सची मर्यादा

ज्यांना ताकदच वाढवायची आहे त्यांच्यासाठी सोव्हिएत वेटलिफ्टिंगमधल्या प्रिलेपिनचा तक्ता अजून उपयोगी आहे. कमालीच्या ७० ते ७९ टक्क्यांवर सेटमागे ३ ते ६ रेप्स, एकूण १८ च्या आसपास. ८० ते ८९ टक्क्यांवर सेटमागे २ ते ४, एकूण १५. ९० च्या वर एक किंवा दोन, एकूण ४ ते १०. तो स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या वेटलिफ्टिंगच्या दोन उचलींसाठी आहे, त्यामुळे बेंच-स्क्वॉटला तो जरा कंजूष वाटतो. पण ८० टक्क्यांवर ५ सेट × ३ रेप्स ही त्यातली जोडी जशीच्या तशी उचलावी. प्रत्येक रेप वेगाने आणि स्वच्छ निघतो, दुसऱ्या दिवशी माणूस जिना चढू शकतो. ८५ टक्क्यांवर पाच-पाचचे पाच सेट मारायला जाणारे तिसऱ्या सेटला थांबतात, कारण त्या वजनाला पाच ही त्यांची कमालच असते.

जड बेंच एकट्याने मारत असाल तर रॅकमधल्या सेफ्टी पिना छातीच्या किंचित खाली लावा. पिना नसतील तर रॉडच्या टोकांना क्लिप लावू नका. अडकलात तर रॉड एकीकडे कलता करून प्लेटा खाली सांडता येतात. आवाज होईल, सगळे बघतील, पण मान वाचेल.

अडकल्यावर

एकाच वजनाला सलग तीन वेळा रेप्स वाढले नाहीत तर आधी झोप, जेवण आणि विश्रांतीची मिनिटं तपासा. ती ठीक असतील तर वजन १० टक्क्यांनी उतरवा आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा चढत या. ६०वर अडकलात तर ५५ने सुरू करून ५७.५, ६०, मग ६२.५. किंवा रेप्सचा पट्टा बदला. आठ-दहावर महिनोन्महिने असाल तर महिनाभर पाच-सहा मारून बघा. अडकलं की रागाने पाच किलो वाढवणं, हा उपाय सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी.

नवरात्रात किंवा श्रावणात उपवास असतील तर वजन तेच ठेवा आणि सेट निम्मे करा. तीनाचे दोन, चाराचे दोन, शिल्लक तीन. साबुदाण्यावर कर्बोदकं मिळतात, प्रथिनं जेमतेम, तेव्हा वाढवायची घाई त्या दिवसांत नको. पण वजन उतरवलंत तर ताकद टिकवण्याचं कारणच जातं. आजारपणानंतर मात्र उलटं: दोन आठवडे खाट धरली असेल तर ७०-८० टक्क्यांनी सुरुवात करा. ताकद झटपट परतते, पण कण्डरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि सांध्यांना जास्त वेळ लागतो.

वहीत तारीख, व्यायाम, रॉडसकट एकूण वजन, प्रत्येक सेटचे रेप्स आणि शेवटच्या सेटची शिल्लक एवढंच हवं. "बेंच, ऑलिम्पिक रॉड, ५२.५: १०, ९, ८, शि. १." मोबाईलवर लिहिलंत तरी चालेल, फक्त सेट झाल्या झाल्या लिहा. घरी जाऊन आठवलेले रेप्स नेहमी एकदोनाने जास्त असतात. जीम बदललीत तर मशीन आणि केबलचे जुने आकडे बाजूला ठेवा, नव्या जागी पहिला आठवडा पुन्हा दहा रेप्स, तीन-चार शिल्लक असं वजन शोधा. रॉडचे आकडे चालतील, पण तिथलाही रॉड आधी काट्यावर.